टिनमधले मटार की ठेल्यावरचे? इंदूरला नव्याने एकटं राहायला आलेल्यांसाठी

माझी भाची मागच्या जूनमध्ये नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आली, विजयनगरला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला, आणि महिन्याभराने मी तिच्याकडे गेले तर ओट्यावर ओळीने सात-आठ टिन मांडलेले. स्वीट कॉर्न, मशरूम, बेबी कॉर्न, मटार, राजमा. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, ओरडू नकोस, यात काही सत्त्व नसतं हे मला माहितीये, पण भाज्या निवडत बसायला वेळ कुठे आहे?" आता "काही सत्त्व नसतं" हे खरं नाही, आणि तसं वाटत असूनही पोरगी रोज तेच खात होती याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी तिथेच बसून तिला जे सांगितलं ते इथे लिहितेय, कारण दरवर्षी कॉलेजला, कोचिंगला, नोकरीला इतकी मुलं इंदूरला येतात आणि बहुतेकांनी घरी कधी साधी मेथीसुद्धा निवडलेली नसते.

मला हे कळायला लागलं ते सासूबाईंच्या बीपीमुळे. पाच-सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात पालेभाजी अगदी चिखलाची येत होती म्हणून मी पंधरा दिवस टिनचं कॉर्न, टिनचे मशरूम, पाकिटातलं सूप असंच चालवलं, आणि डॉक्टरांकडे बीपी मोजलं तर नेहमीपेक्षा बरंच वर. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काय बदललं? मी म्हटलं काहीच नाही, मीठ तर मी बेतानेच घालते. घरी येऊन टिन उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं की मीठ मी घालायच्या आधीच कोणीतरी घालून ठेवलंय. तेव्हापासून वाचायची सवय लागली.

पायरी १: आधी "ताजी" म्हणजे काय ते समजून घ्या

भाजी तोडली की तिचं जगणं लगेच थांबत नाही, ती श्वास घेत राहते, स्वतःचीच साखर वापरत राहते, आणि व्हिटॅमिन सी सगळ्यात आधी उतरायला लागतं. उष्णता, हवा, पाणी, तिन्ही त्याचे वैरी. पालक तर फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलात तर त्यातलं सी पाऊण भाग जाऊ शकतं, आणि बाहेर उन्हात ठेल्यावर ठेवलेला असेल तर आणखी लवकर. म्हणजे रविवारी आणलेली जुडी तुम्ही शनिवारी शिजवली तर ती नावालाच ताजी.

उलट टिनमधली भाजी साधारणपणे तोडल्यावर थोड्याच वेळात कारखान्यात जाते, गरम पाण्यातून काढतात, टिनमध्ये भरून हवा काढून सील करतात आणि मग दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. या तापण्यात सी आणि बी गटातली काही जीवनसत्त्वं जातात, काही पाण्यात उतरतात, पण जे जायचं ते तेव्हाच जातं, नंतर टिन महिनोन्महिने कपाटात राहिला तरी फारसं हलत नाही.

भाचीच्या मनात पक्कं होतं की वर्षभर टिकतं म्हणजे भरपूर औषध घातलेलं असणार. तसं नाहीये. टिकतं ते सील आणि उष्णतेमुळे. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने बाटल्यांमध्ये अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवून हे जमवलं, १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. जंतूंमुळे अन्न नासतं हे पाश्चरने दाखवलं ते त्यानंतर जवळजवळ ५० वर्षांनी, म्हणजे का टिकतं हे कळायच्या आधीपासूनच लोक टिनमधलं खात होते.

पायरी २: तुलना ताटातल्या भाजीची करा, कच्च्या भाजीची नाही

इथेच बहुतेकांची गडबड होते, म्हणून जरा आकडे देते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषण तक्त्यात कच्च्या हिरव्या मटारात १०० ग्रॅममागे ४० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलंय. टिनमधले, पाणी गाळलेले मटार बघितले तर १० च्या आसपास. हे बघून कोणीही म्हणेल की पाऊण सत्त्व गेलं, फेका तो टिन. पण थांबा. ताजे मटार उकडून, पाणी ओतून दिलं की त्याच तक्त्यात आकडा येतो १४. फ्रोजन मटार उकडले तर १० च्या आसपास. म्हणजे ताटात येईपर्यंत १४, १० आणि १०! चाळीसचा आकडा फक्त त्याला लागू जो शेंगा सोलता सोलता दाणे तोंडात टाकतो (आमच्याकडे थंडीत निम्मे असेच जातात आणि मी कोणाला थांबवत नाही).

प्रोटीन, चोथा, लोह यांचं म्हणाल तर टिन आणि ताजं यात फार फरक राहत नाही, ही मंडळी उष्णतेने पळून जात नाहीत, थोडं काही पाण्यात उतरतं एवढंच. गाजरातलं, लाल भोपळ्यातलं कॅरोटीनपण बऱ्यापैकी टिकतं. आणि टोमॅटोचं तर उलटंच आहे. त्याचा लाल रंग देणारं लायकोपीन कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, आणि प्युरीत २१ च्या वर, कारण प्युरी आटवलेली असते, आणि शिजवल्याने ते मोकळं होऊन अंगी लागायलाही सोपं जातं, त्यात थोडं तेल असलं की आणखीनच. म्हणून पावसाळ्यात टोमॅटो महाग झाले की साधी प्युरी आणायला अजिबात कमीपणा मानू नका. प्युरी म्हणतेय हं, सॉस नाही, सॉसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतं.

राहता राहिलं व्हिटॅमिन सी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम असं सांगितलंय. मटारातून ते भरून काढायचा हट्टच कशाला करायचा? पेरूत, म्हणजे इथे ठेल्यावर ज्याला जाम म्हणतात त्यात, १०० ग्रॅममागे २०० च्या वर असतं. थंडीत एक मध्यम जाम खाल्ला की त्या दिवसाचं काम झालं, बाकी वरणावर लिंबू पिळा, तेपण गॅस बंद केल्यावर.

पायरी ३: मीठ बघा, हेच खरं महत्त्वाचं

माझं स्पष्ट मत आहे की टिन घेताना जीवनसत्त्वांची जेवढी काळजी लोक करतात त्याच्या निम्मी जरी मिठाची केली तरी खूप झालं. कच्च्या मटारात सोडियम १०० ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम. मीठ घातलेल्या टिनमधल्या मटारात अडीचशेच्या आसपास. किती पट झालं बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एक छोटा चमचा सपाट. हे दिवसभराचं, सगळं मिळून, लोणचं पापड शेव धरून. आणि इंदूरला शेव कशावर पडत नाही सांगा, सकाळच्या पोह्यांपासूनच सुरुवात होते.

हिशोब असा करायचा: टिनवर सोडियमचा जो आकडा असेल त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ. मटारचा एक टिन गाळून २४० ग्रॅम निघाला, १०० ला २५० मिलिग्रॅम धरलं, तर ६०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दोघींनी खाल्ला तर निभावलं. एकटीने पूर्ण टिन खाल्ला आणि वरून भाजीत नेहमीसारखं मीठ घातलं, तर एका वेळेलाच दिवसाचा मोठा भाग संपला.

यावर उपाय सोपा आहे. टिन उघडला की चाळणीत ओता, पाणी जाऊ द्या, मग नळाखाली अर्धा-एक मिनिट हलक्या हाताने धुवा आणि दोन मिनिटं निथळू द्या. राजमा-छोल्यांसारख्या टिनमध्ये एवढ्यानेच सोडियम ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. धुताना थोडी जीवनसत्त्वंपण जातात हे खरं, पण मिठाच्या टिनसाठी तो सौदा मी डोळे झाकून करते. टिनवर मीठ घातलेलं नाही असं असेल तर मात्र ते पाणी टाकू नका, वरणात किंवा सूपमध्ये घाला, पाण्यात उतरलेलं सगळं त्यातच असतं. आणि भाजीत मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन.

पायरी ४: दुकानात टिन उलटा करून वाचा

समोरच्या चित्रावर जाऊ नका. एकदा मी घाईत मटारचा टिन आणला, चित्रात शेंग उघडलेली, दवाचे थेंब वगैरे. घरी चाळणीत ओतला तर खाली सिंकमध्ये हिरवंगार पाणी, पोपटी रंगाचं, हाताला लागेल असं, आणि दाणे बोटाने दाबले तर पिठूळ, साल वेगळं निघतंय. ते ताजे मटार नव्हतेच, सुके वाटाणे भिजवून, शिजवून, रंग घालून भरलेले होते. लपवलेलं काही नव्हतं, मागे बारीक अक्षरात प्रोसेस्ड पीज, ड्राय पीज, पाणी, मीठ, साखर आणि रंग असं सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. सुक्या वाटाण्यात प्रोटीन आणि चोथा चांगला असतो, पण व्हिटॅमिन सी जवळजवळ नसतंच, आणि तसे वाटाणे तुम्ही रात्री भिजवून घरी उसळ केली तर कितीतरी स्वस्त पडतात. तर घटकांच्या यादीत १०२ आणि १३३ हे नंबर दिसले तर ते रंग आहेत, पिवळा आणि निळा, दोन्ही मिळून हिरवा. कायद्याने चालतात, पण मला भाजीत रंग नको असतो, मी तो टिन परत ठेवते.

आणखी काय बघायचं: यादीत जे पहिलं लिहिलेलं असतं ते वजनाने सगळ्यात जास्त असतं, उतरत्या क्रमाने. वजन दोन प्रकारचं लिहितात, एक नेट आणि एक ड्रेन्ड, म्हणजे पाणी गाळल्यावरचं, आणि किंमत नेहमी दुसऱ्यावर काढायची. माझ्या वजनकाट्यावर ४०० ग्रॅमचा टिन गाळून २३५ भरला, बाकी पाणीच. ताज्या मटारचापण असाच हिशोब असतो बरं का, किलोभर शेंगा सोलल्या तर दाणे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम निघतात, म्हणून ४० रुपये किलोच्या शेंगा म्हणजे दाणे ९०-१०० रुपये किलो पडले. तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे का तेही बघून घ्या.

पायरी ५: टिन फुगलाय का

ही छोटी पायरी आहे पण इथे चूक चालत नाही. टिनचं झाकण किंवा बूड फुगलेलं, जोडावर पोचा आलेला, गंज चढून खड्डा पडलेला, कुठून ओलसर, उघडताना फवारा उडाला किंवा वास वेगळा आला, तर सरळ टाकून द्या. चाखून बघू नका, जिभेवर सुद्धा नको. नीट न तापवलेल्या बंद डब्यात बोट्युलिझमचे, म्हणजे एका जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष चवीने किंवा वासाने कळेलच असं नाही. याच कारणाने मटार, कॉर्न, बीन्स अशा बिनआंबट भाज्या घरी बाटलीत उकळून सील करायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, त्या जंतूंची बीजं १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, आणि आपला वरणभाताचा कुकर त्या कामासाठी बनवलेला नाही. लोणच्याची गोष्ट वेगळी, तिथे मीठ, आंबटपणा आणि तेल राखण करतात.

उघडलेला टिन तसाच फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा, झाकण लावा, दोन-तीन दिवसांत संपवा.

पायरी ६: ताजी भाजी आणायची तर अशी आणा

चोइथराम मंडीत पहाटे माल उतरतो आणि तिथून सगळ्या शहरात ठेले भरून जातात, त्यामुळे सकाळी घेतलेली भाजी आणि रात्री नऊला ऑफिसवरून येताना उरलीसुरली घेतलेली भाजी यात अख्ख्या दिवसाचं ऊन असतं. रोज सकाळी जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा जा, बुधवार आणि रविवार धरा, आणि थोडीच घ्या. पालेभाजी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, भेंडी-गवार-फ्लॉवर मधल्या दिवसांत, दुधी-भोपळा-गाजर-कोबी शेवटी. हा क्रम पाळलात तरी निम्मं वाया जाणं थांबतं. भाजीवाल्या भैयांना सरळ विचारा, "आज का है क्या?" नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते खरं सांगतात. इथे नावं वेगळी आहेत तेवढी लक्षात ठेवा, गिलकी म्हणजे आपलं घोसाळं, बटला म्हणजे मटार.

घरी आणल्यावर आधी धुवायची आणि मग चिरायची, चिरून पाण्यात भिजत ठेवायची नाही. शिजवताना पाणी कमी, झाकण ठेवून, मंद आचेवर. पालक हिरवागार राहावा म्हणून सोडा घालतात ते बंद करा, रंग राहतो पण सी आणि बी-वन दोन्ही जातात. आमच्या आईला सवय होती, फरसबी उकडून पाणी ओतून द्यायची, मी ते पाणी कणीक भिजवायला वापरते.

पायरी ७: थंडीत स्वतःचे मटार फ्रीझ करा

हे करून बघाच, तीन मुली एका फ्लॅटमध्ये असाल तर रविवारची दुपार मजेत जाते. डिसेंबर-जानेवारीत माळव्याचा मटार असा गोड येतो की बटल्याच्या कचोरीसाठी लोक वर्षभर वाट बघतात, आणि तेव्हाच तो स्वस्तही असतो. सकाळी शेंगा आणा आणि त्याच दिवशी सोला, कारण दाण्यातली साखर तासागणिक स्टार्चमध्ये बदलत जाते, उद्या तीच शेंग कमी गोड लागते. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, दाणे थोडे थोडे टाका, दीड ते दोन मिनिटं, घड्याळ लावून. लगेच झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. मग सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडे करा, ताटात एका थरात फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढा. ताटाची पायरी गाळली तर पिशवीत सगळ्याचा एकच दगड होतो आणि मग वाटीभर मटारसाठी ओट्यावर आपटत बसावं लागतं.

त्या दोन मिनिटांच्या उकळीने दाण्यातली एन्झाइम्स थांबतात, नाहीतर फ्रीझरमध्येसुद्धा रंग आणि चव उतरत जाते. थोडं सी तिथे जातं, ते जाऊ द्या. दुकानातून फ्रोजन मटार घेणार असाल तर पाकीट हाताने दाबून बघा, दाणे सुटे हलायला हवेत, बर्फाचा गठ्ठा लागला तर मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलेत, ते नको.

भाचीच्या ओट्यावर आता दोनच टिन असतात, राजमा आणि कॉर्न, आणि एक टोमॅटो प्युरी, ज्या दिवशी रात्री दहाला घरी येते त्या दिवसासाठी. राजमा धुवून, त्यात प्युरी, कांदा-लसणाची फोडणी, बाजूला काकडी आणि अर्धं लिंबू, वीस मिनिटांत जेवण होतं आणि ते चांगलं जेवण असतं, मी स्वतः तिच्याकडे बसून जेवलेय.

एक राहिलं. रिकामा टिन धुवून सुक्या कचऱ्यात टाकायचा, सकाळी गाडी येते तेव्हा ओला-सुका वेगळा मागतात. आणि कापलेलं झाकण आत ढकलून टिनचं तोंड दाबून बंद करा, त्याची कड ब्लेडसारखी असते आणि गाडीवरचे लोक तो कचरा हाताने वेगळा करतात.